३० वर्षांनी बॅच गोळा करायची आहे: हरवलेले कसे शोधायचे, दिवस कसा आखायचा?

मधली सुट्टी

दहावी होऊन पुढच्या वर्षी ३० वर्षं होतील. अ, ब, क मिळून आम्ही साधारण १३०. व्हॉट्सॅप ग्रुपवर ४४ जण, त्यात बोलणारे नेहमीचे आठ-दहा. हातात पाच महिने आहेत. एका दिवसाची भेट, घरच्यांना न आणता, जमलं तर शाळेतच.

अडलंय ते असं. उरलेल्या ८६ जणांपैकी निम्म्याहून जास्त मुली आहेत आणि आमच्याकडे फक्त त्यांची माहेरची नावं आहेत. वर्गणीचा विषय निघाला की ग्रुप गप्प होतो. वर्गाचा फोटो फक्त ब तुकडीचा मिळालाय, तोही लालसर पडलेला आणि अल्बमच्या पानाला चिकटलेला. आणि दिवसभर करायचं काय? सत्कार आणि भाषणं नकोत यावर एकमत आहे, त्यापलीकडे काहीच ठरत नाही.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा. किस्से नंतर, आधी कामाचं.

---

हजेरीपट

आधी यादी, मग शोध. बहुतेक बॅचेस उलटं करतात. जो सापडेल त्याला ग्रुपमध्ये ओढतात आणि तीन महिन्यांनी नेमकं कोण राहिलंय हेच कुणाला सांगता येत नाही.

शाळेत जुने हजेरीपट असतील तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज करा. मागायची फक्त नावं आणि तुकडी. पत्ते, जन्मतारखा मागू नका. शाळेने त्या देऊ नयेत, आणि तेवढ्यासाठी अख्खा अर्ज अडकून पडतो.

हजेरीपट नाही मिळाला तर बाकांचा नकाशा काढा. कोऱ्या कागदावर फळा, दार, खिडक्या, बाकांच्या रांगा. प्रत्येक तुकडीतल्या चार-पाच जणांना असा एकेक कागद द्या आणि ज्याने त्याने आपापल्या घरी बसून भरायला सांगा. 'वर्गात कोण कोण होतं?' असं विचारलं की माणूस वीस-पंचवीस नावांवर अडतो. 'खिडकीच्या रांगेत तिसऱ्या बाकावर, तुझ्या पुढे कोण?' असं विचारलं की नाव येतं. नाव नाही आलं तरी बाक रिकामा सोडायचा नाही. 'चष्मा, अक्षर सुंदर, सहामाहीनंतर आली' एवढं लिहिलं तरी दुसऱ्या कुणाच्या कागदावर तिचं नाव सापडतं. वरच्या कोपऱ्यात इयत्ता आणि वर्गशिक्षकांचं नाव लिहायला सांगा. वर्षागणिक जागा बदलतात, त्यामुळे एकाचा आठवीचा आणि दुसऱ्याचा दहावीचा नकाशा जुळवत बसलात तर भांडणाशिवाय हाती काही लागणार नाही.

जे दहावीच्या आधीच शाळा सोडून गेले, त्यांना धरायचं की नाही हे पहिल्याच दिवशी ठरवा. माझं मत: धरा. पाच-सहा वर्षं एकत्र काढलेल्याला शेवटच्या वर्षाच्या यादीत नाव नाही म्हणून वगळणं हा शुद्ध कारकुनीपणा आहे.

यादी स्प्रेडशीटमध्ये ठेवा. रकाने: शाळेतलं नाव, आताचं नाव, तुकडी, भावंडं, शेवटचा ठावठिकाणा, कोण शोधतंय, स्थिती, ग्रुपसाठी संमती. बदल करण्याचे हक्क तिघांनाच, प्रत्येक तुकडीचा एक. 'कोण शोधतंय' या रकान्यात एकच नाव हवं. नाहीतर एकाच बाईला एका आठवड्यात चार अनोळखी माणसांचे मेसेज जातात, आणि ती चौघांनाही ब्लॉक करते.

मुलींसाठी सगळ्यात खात्रीचा रस्ता म्हणजे भावंडं. सख्खा किंवा चुलत भाऊ त्याच शाळेत एक-दोन वर्षं मागे-पुढे असतोच, आणि त्याचं आडनाव बदललेलं नसतं. म्हणजे शोध तुमच्या बॅचमध्ये न घेता वरच्या-खालच्या दोन-दोन बॅचच्या ग्रुपमध्ये घ्यायचा. यादीतली आडनावं तिथे टाका, पूर्ण नावं नकोत. त्यानंतरचा रस्ता मैत्रिणींचा. जवळच्या मैत्रिणी आडनावं बदलली तरी एकमेकींना धरून असतात, म्हणून एक सापडली की पहिला प्रश्न 'तुझ्या संपर्कात कोण आहे?' हाच. फेसबुकवर फक्त नाव टाकण्यापेक्षा शाळेच्या नावाबरोबर शोधा, आणि नावाची इंग्रजी स्पेलिंगं तीन-चार प्रकारे करून बघा.

सापडलेल्या माणसाला थेट ग्रुपमध्ये घालू नका. ग्रुपमध्ये आला की त्याचा नंबर सगळ्यांना दिसतो. आधी वैयक्तिक मेसेज, आणि शक्यतो मुलींना मुलींकडूनच:

'नमस्कार. मी क्ष, आपण ब तुकडीत होतो, माझा बाक दाराजवळचा दुसरा. आपले वर्गशिक्षक अमुक सर. बॅचची भेट ठरतेय. तुझा नंबर अमुककडून मिळाला, इतर कुणालाही दिलेला नाही. ग्रुपमध्ये यायचं की नाही हे तू सांगशील तसं. ग्रुपमध्ये न येताही भेटीचा निरोप पाठवता येईल.'

यात ओळख पटवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याने घेतलेली आहे. 'ओळखलंस का?' या दोन शब्दांनी सुरू होणारा मेसेज आजकाल फसवणुकीचाच वाटतो. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदाच आठवण करा, मग थांबा. 'नको' म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही आणि ग्रुपवर जाहीरही करायचं नाही.

कुणी हयात नाही असं कानावर आलं तर दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून खात्री होईपर्यंत यादीत तसं लिहू नका. सारख्या नावांमुळे चुकीचा माणूस 'गेल्याचं' ग्रुपवर पसरणं हा नेहमीचा अपघात आहे.

ग्रुपची आमंत्रण लिंक जाहीर ठिकाणी टाकू नका. टाकावीच लागली तर 'ॲडमिनने मान्यता दिल्यावरच प्रवेश' हे सेटिंग चालू ठेवा आणि काम झालं की लिंक रीसेट करा. बोलक्या आठ-दहा जणांसाठी जुना ग्रुप तसाच राहू द्या. भेटीच्या सूचनांसाठी वेगळा ग्रुप काढा आणि त्यात फक्त ॲडमिनना लिहिता येईल असं करा. शुभेच्छांच्या ढिगाऱ्यात तारीख हरवली की माणसं हरवतात.

---

जुनी निगेटिव्ह

फोटोबद्दल. पानाला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, कोपरा फाटतो किंवा वरचा थर सुटतो. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटोच्या मागून दात साफ करायचा बारीक दोरा, म्हणजे डेंटल फ्लॉस, करवतीसारखा हळूहळू सरकवत न्यायचा. दोन्ही हातांनी ताणून धरा, फोटो वाकवू नका. दोरा अडला तर सोडून द्या आणि पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो तर अजिबात सोडवायचा नाही, काचेवरूनच घ्यायचा.

स्कॅन किती डीपीआयला (म्हणजे एका इंचात किती ठिपके) करायचं हे फोटोच्या आकारावरून नाही, चेहऱ्याच्या आकारावरून ठरवा. वर्गाच्या फोटोत ४०-५० जण असले की एकेक चेहरा जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा असतो. ३०० डीपीआयला तो फक्त ६५ पिक्सेल उंच येतो, ६०० ला १३०, १२०० ला २६०. नावाच्या बिल्ल्यावर चेहरा वेगळा कापून लावायचा असेल तर १२०० घ्या. त्यापुढे गेल्यावर बहुधा कागदाचा पोत आणि फोटोतली दाणेदारी तेवढी मोठी होते. फाइल टिफमध्ये जपून ठेवा, वाटायला जेपेग. व्हॉट्सॅपवर 'फोटो' म्हणून पाठवलात तर तो आकसतो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

स्कॅनर नसेल तर फोटो सपाट टेबलावर, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत उजेड आणि मोबाइल फोटोला अगदी समांतर. फ्लॅश बंद. डोक्यावरचा दिवाही बंद, नाहीतर मधल्या रांगेतल्या दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर पांढरा ठिपका येतो आणि नेमके तेच ओळखायचे राहतात.

लालसरपणाचं कारण सोपं आहे. अल्बमच्या अंधारात पडून राहिलेल्या जुन्या रंगीत प्रिंटमध्ये बऱ्याचदा निळसर रंगद्रव्य आधी उडतं आणि मागे लाल-पिवळं उरतं. संपादनाच्या ॲपमध्ये लाल रंग कमी करून निळसर वाढवा. पांढऱ्या शर्टावर नजर ठेवून दुरुस्त करा, चेहऱ्यावर नको. शर्ट पांढरा झाला की चेहरे आपोआप जागेवर येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरा 'स्पष्ट' करणारी ॲप्स टाळा. ती जो तपशील घालतात तो मुळात फोटोत नसतो, त्यामुळे चेहरा छान होतो पण माणूस दुसराच दिसतो.

मग फोटोची एक प्रत घेऊन प्रत्येक डोक्यावर क्रमांक टाका. मागची रांग डावीकडून १ पासून. नावं सांगताना 'मागून दुसरी रांग, डावीकडून चौथा' असं वर्णन करायला लावलं की 'डावीकडून म्हणजे माझ्या की फोटोतल्यांच्या?' यावर दहा मेसेज पडतात. क्रमांक असला की 'रांग' हा शब्दच लागत नाही.

चेहऱ्यांचा भरवसा धरा, नावांचा नको. १९७५ च्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ बाह्रिक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ३९२ जणांची त्यांच्या शाळेतल्या वर्गसोबत्यांवर परीक्षा घेतली होती. शाळा सोडून १५ वर्षं झालेल्यांनाही इतर फोटोंतून आपल्या वर्गातला चेहरा ९० टक्क्यांच्या आसपास बिनचूक निवडता आला, पण काहीही न दाखवता नावं आठवायला लावल्यावर आकडा बराच खाली गेला. म्हणून 'कोण आठवतंय ते लिहा' असं आवाहन ग्रुपवर करण्यापेक्षा क्रमांक घातलेला फोटो टाका.

आठवणी गोळा करतानाही हजेरीपट यांनी नकाशाबद्दल जे सांगितलं तेच. आधी प्रत्येकाने एकट्याने लिहायचं. घोळक्याने बसून आठवलेल्या गोष्टी त्याच माणसांनी वेगवेगळं बसून आठवलेल्यांच्या बेरजेपेक्षा कमी भरतात, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. एक जण बोलायला लागला की बाकीच्यांचा धागा तुटतो. शिवाय त्याने ठासून सांगितलेला चुकीचा तपशील दुसऱ्या दिवशी सगळ्यांची 'आठवण' होऊन बसतो.

आणि हे सगळं एकाच संकेतस्थळाच्या भरवशावर ठेवू नका. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं तेव्हा तिथले बॅचेसचे कट्टे हळूहळू नाहीसेच झाले. ब्रिटनमधलं फ्रेंड्स रीयुनायटेड तर खास शाळासोबत्यांसाठीच २००० मध्ये निघालं होतं, तेही २०१६ मध्ये बंद पडलं. फोटो आणि यादी तिघांच्या संगणकावर ठेवा.

---

खजिनदार

वर्गणीवर ग्रुप गप्प होतो कारण आकडा न सांगता 'किती द्यायला तयार आहात?' असं विचारलेलं असतं. चारचौघांत कोण आधी बोलणार?

खर्च दोन भागांत मांडा. माणसं कितीही येवोत, जो खर्च बदलत नाही तो स्थिर: जागा, ध्वनियंत्रणा, छपाई, सरांची ने-आण. दुसरा दरडोई: जेवण, बिल्ले. स्थिर खर्च भागताना आशावाद नको. ७० येतील असं वाटत असेल तर ५० ने भागा. जास्त आले तर शिल्लक उरते आणि ती परत देता येते. कमी आले तर आयोजकांना नंतर जास्तीचे पैसे मागत फिरावं लागतं, आणि पुढच्या वेळी आयोजक मिळत नाही.

'मी येतोय' हा शब्द आकड्यात धरू नका, पैसे भरले तोच आला. ग्रुपवरचा मतदानाचा पर्याय तारीख निवडायला ठीक, डोकी मोजायला निकामी. तीन टप्पे ठेवा: तारीख ठरली की दोन आठवड्यांत अर्धी रक्कम, भेटीआधी २१ दिवस उरलेली, भेटीआधी १० दिवस अंतिम आकडा बंद. कुठल्या तारखेपर्यंत रद्द केलं तर किती परत मिळेल, हे पहिल्याच निरोपात लिहा. नंतर सांगितलेला नियम नेहमी कुणातरी एकाविरुद्ध केल्यासारखा वाटतो.

ज्याला झेपणार नाही त्याची सोय आकड्याबरोबरच जाहीर करा, मागायला लावू नका. एकच ओळ: 'ज्यांना यंदा सोयीचं नाही त्यांनी फक्त खजिनदाराला "माझं धरा" एवढं कळवावं.' ज्यांना जास्त द्यायचे आहेत त्यांचे पैसे याच खात्यात. देणारा आणि घेणारा, दोघांचीही नावं फक्त खजिनदाराकडे. देणगीदारांची यादी ग्रुपवर टाकलीत की न देणाऱ्यांची यादी आपोआप तयार होते.

पैसे घेणारा एक, खर्च मंजूर करणारा दुसरा. पावत्यांचे फोटो आणि जमाखर्च भेटीनंतर आठवड्याच्या आत.

---

शेवटचा तास

दिवस आखताना आधी गुणाकार करा. ७० जणांनी प्रत्येकी तीन मिनिटं ओळख करून दिली तर साडेतीन तास जातात. आणि कुणी तीन मिनिटांत थांबत नाही. पहिले दहा मन लावून ऐकले जातात, चाळिसाव्यापर्यंत निम्मे लोक बाहेर गप्पा मारत असतात, आणि शेवटचे तीस रिकाम्या खुर्च्यांना आपली नोकरी सांगतात.

त्याऐवजी माइकवर ओळख नकोच. सात-आठ जणांचे गोल करा, २० मिनिटं, मग गोल मोडून नवे. असे तीन फेरे झाले की प्रत्येक जण वीसेक जणांशी नीट बोललेला असतो. पहिले गोल तुकडीप्रमाणे, दुसरे मुद्दाम मिसळलेले. गोलाला विषय एकच द्या आणि तो शाळेतला हवा: 'शाळेत यायचा रस्ता', 'कोणत्या तासाला पोटात गोळा यायचा', 'वर्गातून बाहेर काढलं ते कशासाठी'. 'सध्या काय करतोस?' हा विषय देऊ नका. ज्याचं सध्या बरं चाललंय त्यालाच तो आवडतो, आणि बरेच जण भेटीला येत नाहीत ते याच प्रश्नाला घाबरून.

नावाचे बिल्ले हवेतच. शाळेतलं नाव मोठ्या अक्षरांत, निदान एक सेंटिमीटर उंचीचं, आताचं नाव खाली लहान, शेजारी वर्गाच्या फोटोतला चेहरा. गळ्यात दोरीने अडकवणार असाल तर दोन्ही बाजूंना छापा, कारण बिल्ला हमखास उलटा फिरतो. दोरी आखूड ठेवा. बिल्ला पोटावर लोंबत असला तर समोरच्याला तिकडे नजर टाकून नाव वाचणं अवघडल्यासारखं होतं.

संगीत गोलांच्या वेळी पूर्ण बंद. पन्नाशीकडे झुकलेल्या कानांना गोंगाटात शब्द वेगळे काढायला कष्ट पडतात, सरांना तर फारच.

सर-बाईंना दिवसभर बसवू नका. दीड तास पुरे. न्यायला-आणायला ठरलेला माणूस, हातांची खुर्ची, भिंतीकडे पाठ, स्वच्छतागृह जवळ. आठवडाभर आधी त्यांना येणाऱ्यांची नावं आणि जुने फोटो मोठ्या छपाईत पोचवा. 'सर, ओळखलंत का?' हा प्रश्न विचारणाऱ्याला गंमत वाटते, पण कित्येक बॅचेस शिकवलेल्या माणसाची ती सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा असते. पुढे जाऊन आपलं नाव सांगायचं.

त्यांच्याकडून हजेरी घ्यायची असेल तर झकास, सगळ्यात रंगतो तो तोच भाग. मात्र जे हयात नाहीत त्यांची नावं ओघात येऊन 'हजर'च्या जागी शांतता पसरू देऊ नका. ती नावं आधी, वेगळी, उभं राहून वाचा. यादी सरांना आधी दाखवा, त्यांना त्यातलं एखादं माहीत नसतं.

---

टोपणनाव

बिल्ल्यावर टोपणनावं घाला की! शाळेतलं खरं नाव कुणाला आठवतंय? तीच तर मजा.

---

शेवटचा तास

ज्याचं त्याने स्वतः लिहून दिलं तर घाला. नोंदणीच्या फॉर्मवर एक रकाना ठेवा, 'बिल्ल्यावर काय छापायचं?' रंगावरून, वजनावरून, बोबडेपणावरून पडलेलं नाव ठेवणाऱ्याला मजेचं वाटतं. ज्याला पडलं तो त्याच नावामुळे ३० वर्षं ग्रुपबाहेर राहिलेला असू शकतो. जुन्या चिठ्ठ्या आणि कुणाचं कुणाशी जोडलेलं नाव यांनाही हाच नियम. माइकवर तर नाहीच.

---

मधली सुट्टी

सगळ्यांचे आभार. नकाशाचे कागद आजच पाठवतोय. शाळेत भेट घ्यायची तर आधी काय बघावं? आणि भेट झाल्यावर त्या स्प्रेडशीटचं काय करायचं?

---

हजेरीपट

शाळेची परवानगी तोंडी नको, लेखी घ्या. त्यात तारीख, वेळ, कोणत्या खोल्या, चावी कुणाकडे आणि साफसफाई कुणाची हे पाचही यायला हवं. सुट्टीचा दिवस असेल तर पाणी आणि वीज चालू असते का हे आदल्या रविवारी प्रत्यक्ष जाऊन बघा, टाकी रिकामी असू शकते. मोठ्यांना चालतील अशी स्वच्छतागृहं किती, जिना न चढता कोणता वर्ग मिळेल, तेही तेव्हाच. मुलांच्या बाकांवर मोठ्या माणसांचे गुडघे मावत नाहीत. वर्गात बसणं हजेरीपुरतं, वीस मिनिटं. बाकी वेळाला खुर्च्या मागवा.

स्प्रेडशीटचे दोन भाग करा. शाळेतलं नाव आणि तुकडी, एवढी यादी कायम ठेवा, वाटली तरी चालेल. फोन, आताचं नाव, ठावठिकाणा हे रकाने ज्यांनी संमती दिली त्यांचेच ठेवा, बाकीच्यांचे त्या आठवड्यात पुसा. 'कोण शोधतंय' आणि 'नको म्हणाले' हे रकाने तर सगळ्यांचेच पुसा. मग शेअर केलेली लिंक बंद करा.